आरशातली आई

नाशिक, रविवार, २१ ऑगस्ट १९८३

आज चित्रांच्या शिकवणीला अंबडच्या कारखान्यातले कांबळे आईचं चित्र घेऊन आले. उलट्या प्रतिमेत चूक ज्याची त्याला दिसावी म्हणून मी नेहमीसारखा कागदासमोर आरसा धरला.

"ओठ वाकडा झालाय," मी म्हणाले.

"नाही बाई, तोंडावरून वारं गेल्यापासून ती अशीच हसते."

मी खोडरबर खाली ठेवलं. मग इतकं भीत भीत का काढलंत? ओठाबरोबर गालही ओढला जातो, तोही तसाच काढा, म्हटलं. त्यांनी काढला, आणि आई हसली!

पुन्हा आरसा धरला. आता हसू दुसऱ्या बाजूला. कांबळे बघतच राहिले.

"आईला स्वतःचं तोंड रोज असं दिसतं तर."

त्यांचं बघून होईपर्यंत मी आरसा हलवला नाही. हात अजून अवघडलेलाच आहे.