शर्यतीआधीचं सुवर्णपदक

बजाजनगर,
१४ फेब्रुवारी

काकासाहेब दाजींना नमस्कार.

आम्ही खुशाल. तुमची खुशाली विचारत नाही, चौकातल्या फ्लेक्सवर तुम्ही रोज हसताना दिसता. गीताताईला सांगा, काळजी नको. लेक मामाच्या घरी आहे. जेवते, झोपते. पळत मात्र नाही.

तुमचा निरोप मिळाला. सोमवारी पदकाच्या चौकशीला माणसं येणार, त्यांना मी सांगायचं की पंधराशे मीटरला राजनंदिनी पहिली आली. माईक माझ्याच हातात होता म्हणून माझा शब्द चालेल, आणि पोरगी खेळाडूंच्या कोट्यातून फौजदार होईल.

दाजी, तुमच्या त्या पहिल्यावहिल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा महोत्सवाला बाहेरचा एकच देश आला होता. लोमाका. समुद्रातलं बेट, माणसं आपल्या पिशोर गावाएवढी. आले तिघं: एक गोळाफेकीला, एक पळायला, एक झेंडा धरायला. पळणारी तेलिया. तिला बघून तुम्ही म्हणालात, "ही काडी काय पळती? नंदिनीचं नाव घेऊन टाक."

बक्षीस द्यायला आलेल्या मंत्रीसाहेबांना विमान गाठायचं होतं आणि शर्यत उन्हं उतरल्यावर होती, म्हणून तुम्ही बक्षीस समारंभच आधी उरकला. मी नाव पुकारलं, साहेबांनी पोरीच्या गळ्यात सुवर्णपदक घातलं, रौप्य तुमच्या खजिनदाराच्या पुतणीला गेलं. फोटो निघाले. मग तुम्ही लेकीला म्हणालात, "आता पळू नको. पाय मुरगळला म्हण."

ती पळाली. जन्मात पळाली नव्हती अशी पळाली. शेवटच्या फेरीत दोघी खांद्याला खांदा लावून होत्या. तेलिया हातभर पुढं निघाली, तसा तुम्ही माझ्या हातचा माईक ओढला आणि बँडवाल्यांना वाजवायला लावलं.

जिंकलेली पोर मंचाखाली येऊन उभी राहिली. तिला तुम्ही फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. दाजी, तिच्या बेटावर नारळाशिवाय काही पिकत नाही. तिनं तो हातात फिरवून बघितला, मग नंदिनीच्या गळ्याकडं बघितलं. नंदिनी पदक काढायला लागली, तर तुम्ही तिचं मनगट धरलं. "फोटोवाले बघतेत," म्हणालात, हसत हसत.

काल मी नंदिनीला म्हणालो, "अगं, दुसरी आलीस, तेबी लई मोठं हाय."

"मामा, ते हाय कुठं? माझं दुसरं येणंबी बाबांनी ठेवलं नाय."

तेव्हा सोमवारी मी बोलणार नाही. ती बोलणार आहे. आपली फौजदाराची नोकरी हातची जाईल आणि तुमचं संघटनेचं अध्यक्षपदही जाईल, दोन्ही तिला कळतं. पहिलं सांगताना रडली. दुसरं सांगताना नाही.

फ्लेक्सवरचा तिचा फोटो तेवढा काढा, तिनं सांगितलंय. तुमचा राहू द्या. तुम्हाला तिथं कुणी हरवलेलं नाही.

सोमवारपर्यंत तरी तुमचा मेहुणा,
सर्जेराव