उत्कर्षा बर्फात गेली तो दिवस

सोलापूर,
रविवार

प्रिय दादा,

फोन असताना हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. पण फोनवर तू "बरी हायस का? थांब, आईला देतो" याच्यापुढं जात नाहीस, आणि मीही तुला अडवत नाही. पत्र तसं आईच्या हातात देता येणार नाही. डाळिंबाच्या बागेत जाऊन एकट्यानं वाच.

आधी एक कबूल करते. मैत्रिणीबरोबर हरिद्वारला जाते, असं मी आईला सांगितलं होतं. हरिद्वारला गेलो हे खोटं नाही. गंगेत पाय बुडवले, आईसाठी पाणीही आणलं. पण तिथून आम्ही पुढं जोशीमठला गेलो आणि तिथून वर औलीला. बर्फावर घसरायला, स्कीइंग करायला. आता लगेच रागावू नकोस, पुढचं वाच.

ही सगळी उत्कर्षाची करामत. आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात ती कटिंगला आहे आणि मी ऑर्डरी बघते, हे तुला माहीत आहे. अक्कलकोटकडची आहे, आनंद झाला किंवा घाबरली की कानडीत बोलायला लागते. यंदा डोंगरातल्या एका शाळेचे जाडजूड कोट आम्ही शिवले. सोलापूरच्या उन्हात ते अस्तर लावताना बायका घामानं निथळत होत्या. तेव्हा ती म्हणाली, "पायल, ज्या थंडीसाठी एवढं मरतोय ती थंडी एकदा बघून तरी येऊ की." मी हो म्हणाले. कसं म्हणाले ते माझं मलाच कळलं नाही. आपल्या घरात तर बर्फ हा शब्दच बंद झालाय. टीव्हीवर पांढरे डोंगर दिसले की तात्या चॅनल बदलतात. गेल्या उन्हाळ्यात गल्लीत गोळेवाला आला, तर आईनं हळूच त्याला पुढं जायला सांगितलं. तू ओसरीवर बसून होतास. तू ते पाहिलंस, हे मी पाहिलं.

औलीला सकाळी ऊन होतं, तुला सांगते, आपल्याकडच्या मार्चसारखं लख्ख. भाड्याचे कोट, भाड्याचे बूट. ते बूट म्हणजे पायात उखळ अडकवल्यासारखे. शिकवायला रावतजी म्हणून पन्नाशीचे गृहस्थ होते. थांबायचं असेल तर पायातल्या स्कींची, म्हणजे त्या लांब फळ्यांची, पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची, पिझ्झ्याच्या तुकड्यासारखी, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. "पिझ्झा बनाओ, पिझ्झा!" असं ते ओरडायचे आणि उत्कर्षा पडल्या पडल्या म्हणायची, "आधी भाकरी तर जमू दे!" आम्ही किती पडलो ते विचारू नकोस. पण दुपारपर्यंत थोडं थोडं जमायला लागलं. एकदा तर मी न पडता खालपर्यंत आले. कानात नुसता वारा, पायाखाली सर्रर्र आवाज. दादा, मला ते आवडलं. ज्याचा आपण दोन वर्षं एवढा राग केला, ते इतकं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. मला थोडी लाजही वाटली.

जेवणानंतर ते घडलं. मी उतारावर मध्येच बसकण मारली होती. उत्कर्षा वरून आली, भलत्याच वेगानं. माझ्याजवळून जाताना ओरडली, "पायल, थांबव गं मला!" पिझ्झा विसरली, सगळंच विसरली. कडेला लावलेल्या लाल झेंड्यांच्या पलीकडं देवदाराची झाडं होती. तिकडं जायचं नाही, झाडाच्या बुडाशी बर्फ भुसभुशीत असतो, असं रावतजींनी सकाळीच बजावलं होतं. ती नेमकी तिकडं शिरली. "अव्वा!" अशी आईच्या नावाची एक हाक ऐकू आली आणि मग काहीच नाही.

मी पायातल्या स्की सोडल्या आणि धावले. धावले कसली, गुडघ्यापर्यंत रुतत गेले. एका झाडाखाली नुसती एक स्की वर आलेली दिसली. उत्कर्षा डोकं खाली करून आत गेली होती. मी रावतजींच्या नावानं बोंब ठोकली आणि हातानं उकरायला लागले. ज्वारीच्या राशीत खड्डा करावा आणि कडेची ज्वारी परत आत यावी, तसं चाललं होतं. हातमोजे कधी काढले ते आठवत नाही. बोटं आधी दुखली, मग नाहीशीच झाली. त्या वेळी मला तुझी बोटं आठवली, पट्ट्या बांधलेली. मग तेही राहिलं. तिचा कोट हाताला लागला, खांदा लागला, तिच्या तोंडापुढचा बर्फ मी ओरबाडून काढला आणि तिचा चेहरा दिसला. ओठ निळे, तोंडात बर्फ. ती खोकली. थुंकली. आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "नन्न टोपी एल्लि?" माझी टोपी कुठाय!

तोवर रावतजी आणि आणखी दोघं पोचले. त्यांनी तिला काखेत धरून ओढून काढलं. आणि दादा, मी हसत सुटले. वेड्यासारखी. रडत पण होते, पण जास्त हसत होते. ती जिवंत आहे, एवढंच जगात होतं. दुसरं कुणी कुठं वाचलं, कुठं मेलं, त्याच्याशी मला काही घेणंदेणं नव्हतं. असला आनंद मला आयुष्यात एकदाच झाला होता. तो कधी, ते सांगते.

रावतजी आधी खूप ओरडले. मग टपरीवर त्यांनी स्वतःच चहा आणून दिला. आम्हाला धीर द्यायला म्हणून विचारलं, "आपके सोलापुर में बर्फ़ पड़ती है?" घोंगडीत गुंडाळलेली उत्कर्षा म्हणाली, "पडती है ना, सोड्याच्या गिलासात." टपरीवरचे सगळे हसले. डॉक्टरांनी तिला तपासून काही झालं नाही म्हणून सांगितलं, आणि तिनं तिथंच दोन प्लेट मॅगी खाल्ली. मला मात्र आपली गल्ली दिसत होती.

तू आणि सोजरकाकूंचा बिभीषणदा एकाच दिवशी भरती झालात, एकाच पलटणीत राहिलात. तो तुमचा शेवटचा हिवाळा होता, पेन्शन समोर दिसत होती. चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि दोघांचा पत्ता नाही, असा निरोप आला तेव्हा मी कारखान्यात होते. मी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात तुझा फोन आला. "पायल, मी हाय. आईला सांग." एवढंच बोललास. मी कापडाच्या ढिगाऱ्यात खाली बसले आणि हसले, अगदी असंच. उत्कर्षा पाणी घेऊन धावली. मी तशीच एसटीत बसले. शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, माझा भाऊ वाचला. गावात उतरले, पळत गल्लीत आले, तर सोजरकाकूंच्या दारात माणसं जमलेली. बिभीषणदा सापडला होता, पण तसा. आपलं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. आईनं मला आत ओढलं, तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "हासू नगं. समोर बग."

तो हात अजून निघालेला नाही. तू हाताला पट्ट्या बांधून आलास ते थेट त्यांच्या घरात गेलास. मग पेन्शनीवर आलास. त्यांच्या शेळ्या तू बघतोस, रेशन तू आणतोस, पण काकूंच्या समोर मान वर करत नाहीस. एकदा जेवताना तू विचारलंस, "मलाच का आधी काढलं?" तात्या ताटावरून उठले. तुला काय वाटलं असेल त्या वेळी?

गेल्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तू काकूंना माझ्याकडं धाडलंस. पट्टी निघाल्यावर दोन दिवस त्या माझ्या खोलीवर राहिल्या. का कोण जाणे, औलीचं सगळं मी त्यांना सांगितलं. बोलता बोलता भ्याले, हे कुणाला सांगतेय मी! त्या शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "पोरगी निघाली न्हवं जित्ती? मग लई ग्वाड वाटलं आसंल तुला." मी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुजा भाऊ अजिनाथ निघाला तवा तुमच्या घरात पेढं आलं न्हाईत. म्या वाट बघितली. माज्या लेकाचं दुक हाय ते हायच, ते कुटं जातंय. पर अजिनाथ बी माज्या चुलीवरची भाकर खाऊनच वाडला की. त्यो जगला, तर माजं त्वांड ग्वाड कराया कुणीच आलं न्हाय. आन त्यो चोरी केल्यावानी माज्यापुढं हिंडतुया. त्याला सांग की कुणीतरी." माझ्याकडं बघायच्या ऐवजी त्या खिडकीतून रस्त्याकडं बघत होत्या. नव्या डोळ्यानं सगळं कसं लख्ख दिसतंय, म्हणाल्या.

म्हणून हे पत्र, दादा. शनिवारी मी येतेय, पेढे घेऊन. आपण दोघं समोरच्या घरात जाऊ, आणि पहिला पेढा काकूंना तू दे. पण तुझ्या प्रश्नाला दोन वर्षं कुणी उत्तर दिलं नाही, ते मला शनिवारपर्यंतही ठेवायचं नाही. तुलाच का आधी काढलं ते मला माहीत नाही. ज्यांनी काढलं त्यांच्या हाताला तू आधी लागलास, बाकी काही नसेल. पण तुझा चेहरा दिसल्यावर ती माणसं हसली असणार, हे आता मला पक्कं ठाऊक आहे. आणि इकडं मी हसले होते. आईही देवापुढं बसून हसली होती, मी पाहिलंय, पदर तोंडावर घेऊन. तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. तू आलास, बरं झालं दादा. लई बरं झालं.

तुझीच,
पायल