ज्वारीच्या लाह्या आणि काकांचे तारे

उमरगा,
श्रावण, १९६२

तीर्थरूप कल्याणप्पाकाकांच्या पायी महानंदाचा नमस्कार.

तिकडे तुमच्या भूम गावी पाऊस नाही असं कळलं. त्यामुळे तुमचा गुडघा तरी शांत असेल, असं धरून चालते. इथं सर्व ठीक. बाबांनी वाशीच्या स्थळाला होकार द्यायचं ठरवलं आहे. लग्नानंतर मी शाळेतली नोकरी सोडावी, ही त्या मंडळींची अट. यावर माझं मत नाही (कुणी विचारलेलं नाही, म्हणून). असो. मुख्य विषय तारे.

तुमचा सिद्धांत दोनदा वाचला. पुस्तकं म्हणतात, विरळ ढग आकसत जातो आणि तारा होतो. तुम्ही म्हणता, तारा आधी ज्वारीच्या दाण्यासारखा लहान नि घट्ट असतो. आतल्या उष्णतेनं तो लाहीसारखा फुलतो, आकारमान वाढतं, घनता घटते, वजन मात्र तेच राहतं. (कचेरीतल्या पेशकारीतून निवृत्त झालेली माणसं सहसा परसात भाजी लावतात.) तपासून कळव, असा तुमचा हुकूम होता. म्हणून नागपंचमीच्या आधीच शाळेच्या प्रयोगशाळेत शंभर ग्रॅम ज्वारी मोजली आणि आमच्या शिपाईण हरणाबाईंकडून फोडून घेतली. लाह्या निवायला ठेवल्या, तेवढ्यात मधली सुट्टी झाली. श्रावणात लाह्या दिसल्या की हात आपोआप पुढे होतो, हे मी गृहीत धरायला हवं होतं. हेडमास्तरांनी ओंजळभर घेतल्या, मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि पुन्हा घेतल्या. हरणाबाई म्हणाल्या, "बाई, वजन उरका लवकर, न्हायतर समदं आभाळ गुर्जीच खात्यात!" गणिताचे नवे शिक्षक शिवलिंग सर तेवढे परातीला हात न लावता उभे. म्हणाले, "हरकत नाही, हेडमास्तरांनाच तराजूत बसवू. आधीचं वजन कुणाला ठाऊक आहे का?" वजन भरलं अठ्ठावन्न ग्रॅम. त्यातली वाफ किती आणि शिक्षकवर्ग किती, हे सांगणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दार लावून प्रयोग पुन्हा केला. शिवलिंग सर दाराबाहेर पहाऱ्याला. आता भरलं शहाऐंशी. म्हणजे फुलताना वजनही जातं; तुमचं ते कलम चुकलं. जन्माबद्दलही पुस्तकांचंच खरं. पण म्हातारपणी काही तारे खरोखरच फुगतात, विरळ होतात, तांबडे दिसतात. तेवढं तुमचं बरोबर आहे, आणि हे मी केवळ पुतणी म्हणून लिहीत नाही.

काकूंना नमस्कार.

आपली,
महानंदा

ता. क. शिवलिंग सरांना तुमचा सिद्धांत तुमच्याच तोंडून ऐकायचा आहे. माणूस नेमका आहे. जमीन नाही.

ता. क. वाशीची मंडळी गुरुवारी सुपारी फोडायला येणार. बाबा थोरल्या भावाखेरीज कुणाचं ऐकत नाहीत. बुधवारच्या एस्टीनं निघा. गुडघ्याला शेकायला मी वाळूची पुरचुंडी करून ठेवते.

ता. क. शिवलिंग सरांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांचं मी पाहते; तुम्ही फक्त बाबांचं पाहा.