पेटीतली ऊब

१२ जुलै
कोल्हापूर मला पावलं! राजारामपुरीत वरची खोली मिळाली. स्वतंत्र जिना, खिडकीशी पेरूचं झाड आणि नवी नोकरी लागलेलं कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ. आईनं आजऱ्याहून बांधून दिलेले काजू घरमालकीणबाईंनी वाटीत ओतून माझ्यासमोरच अर्धे संपवले, तेव्हाच आमचं जमणार हे कळलं. राजमती काकू. सत्तरीच्या, एकट्या; मुलगा बंगळूरला. आवाज असा की माळ्यावरचं मांजर खाली यावं. जैन घर, त्यामुळे अटी होत्याच: कांदा-लसूण नाही, दिवेलागणीनंतर चूल बंद आणि अंडं उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मी लगेच मान डोलावली. मी प्राणिशास्त्र शिकवायला आलेय, ऑम्लेट खायला नाही.

१५ जुलै
एवढ्यातच अट मोडली! माझा वर्गमित्र सम्राट इथं साप पकडून रानात सोडतो. तो आज धामणीची अंडी घेऊन दारात उभा. बिद्रीकडच्या एका गुऱ्हाळामागचा चिपाडाचा ढीग उपसताना सापडली म्हणे. वनखात्याला कळवून झालंय, पण त्याच्या घरी जागा नाही आणि उबवणपेटी बनवायची खाज मला पहिल्यापासून. काकूंना सांगितलं तेव्हा वाटलं, आता सामान रस्त्यावर. काकू अंड्यांवर वाकल्या. मग म्हणाल्या, "खायाचं अंडं येगळं, पोरी. ह्यो जीव हाय. जगवायचं बघ." आणि वर दम दिला की एकही फेकायचं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना मिठीच मारली.

१८ जुलै
पेटी झाली, पण तापमान काही ऐकेना. आधी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि स्वस्तातला थर्मोस्टॅट लावला. टक्क, बल्ब चालू. टक्क, बंद. आकडा सत्तावीस ते तेहतीस झोके खातोय आणि कोरड्या हवेनं अंड्यांना खळगे पडायला लागले. मग बल्ब हळूहळू मंद करणारा नियंत्रक आणला. तो गुणी, पण वीज गेली की पेटी लगेच गार, आणि या पावसात वीज जातेच. शेवटी तळाशी पाणी, पाण्यात माशांच्या टाकीचा हीटर आणि वर जाळीवर अंड्यांचा डबा. पाणी ऊब धरून ठेवतं. सेन्सर झाकणाला नाही, थेट अंड्यांशेजारी. खात्रीला सेलवर चालणारा सुटा थर्मामीटर. तीस अंश. स्वतःचीच पाठ थोपटली.

२३ जुलै
सकाळपासून वीज नव्हती. कॉलेजातून धावत आले. आकडा बरोबर तीस! आनंदानं पाण्यात बोट घातलं आणि चमकले. पाणी गारढोण होतं. अंडी मात्र ऊबदार.
काकू दिवसभर पेटीशी स्तोत्रं म्हणत बसल्या होत्या. म्हणे पोरांना सोबत. अंगात दोन स्वेटर, तरी दात वाजत होते.

२५ जुलै
शास्त्र शिकलेय, तर करून बघू म्हटलं. हीटर काढून टाकला आणि जवळ बसले. तीस. चहाला खाली गेले तर आकडा उतरला. परत येऊन बसले, चढला. पुन्हा तसंच. मी जवळ असले की आकडा जराही इकडंतिकडं नाही. मला हवं होतं तसंच नियंत्रण मिळालं. फक्त ऊब कुठून येतेय ते मी वहीत लिहून ठेवत नव्हते.
माझी नखं निळी पडलीत.

२७ जुलै
डॉक्टरांनी ताप मोजला, यंत्र झटकलं, पुन्हा मोजला. यंत्र बिघडलंय म्हणाले. दुसऱ्या यंत्रावर आकडा आणखी कमी.
हीटर परत लावला. पाणी तापलं, वाफ आली. अंडी गारच. त्यांना आता हीटर नको. सवय मीच लावली ना. माझा मूर्खपणा!
सम्राटला फोन केला. तो नृसिंहवाडीकडं पुरात, रस्ते बंद. पाणी उतरलं की नेतो म्हणाला.

२८ जुलै
खोलीला कुलूप घालून खाली काकूंकडं झोपायला आले. तापमान उतरू दे. मरू देत. हे लिहिताना लाज वाटत नाही.
काकूंना सगळं खरं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, घाबरल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जीव जाईल की गं त्यांचा. तुला नको तर मी बसतो." मी ओरडले. वाट्टेल ते बोलले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.
हात पाण्यातल्या तांब्यासारखा गार.

२९ जुलै
काकूंकडं दुसरी किल्ली आहे. माझ्या लक्षातच आलं नाही.
सकाळी वर गेले तर पेटी रिकामी. काकू माझ्या गादीवर, पदराखाली अंडी पोटाशी धरून. हलवलं तर डोळे उघडेनात. ओठ निळे. श्वास — आहे, थोडा.
ॲम्ब्युलन्सला फोन केला. पुलावर पाणी आहे, वळसा घालून येतो म्हणाले.
अंडी ओढून जमिनीवर ठेवली. काकू आणखीच गार पडल्या. जमिनीवरूनही त्यांची ऊब ओढतायत. फोडायला गेले — काठी हातातून सुटते, बोटं वळत नाहीत.
एक अंडं मांडीवर घेतलं. काकूंच्या ओठांना रंग आला. जरासा.
दुसरं घेतलं.

नंतर
सगळी माझ्याकडं आहेत. काकूंचा हात ऊबदार झाला. रडले मी. वाचल्या.
आता थंडी वाजत नाही. पाय कुठं आहेत ते कळत नाही.
कवचं हलतायत.
काकू उठून बसल्या. चांगल्या आहेत. हाक मारली, काकू, ही काढा माझ्यावरनं. त्यांनी बघितलं. गोधडी आणली — माझ्यावर नाही घातली, अंड्यांवर —
थोडाच वेळ की, म्हणतायत. हलू नगंस, म्हणतायत. जीव हायत ते —
मी म्हटलं काकू, मी पण तर