चार वाजताचा काळा कपडा

बुधवार, १० डिसेंबर, रायपूर

आज लॅबमध्ये सरांनी माझ्यासमोर मदतनीस कुमारीदीदीले झापलं आन् मी मूग गिळून बसली.

लहान दिवसाच्या टाकीवर दीदी रोज बरोबर चारले काळा कपडा टाकते. आतल्या रोहूच्या पिल्लांले वाटलं पाहिजे, सूर्य बुडाला. दिवस लहान असला की मासे गरमी कमी सोसतात का, तेच तपासून राहिलो आम्ही. आज पाणी हळूहळू तापवलं, तर या टाकीतले आन् बाजूच्या, कपडा नसलेल्या टाकीतले मासे सारखेच टिकले. सर भडकले, "दीदी, कपडा ठीक से नहीं डालती क्या?"

"हव सर, धियान रखहूं," दीदी म्हणाली.

कपडा तर मी उचलत होती! दुपारी खाणं टाकायचं विसरायची, मग सहाले कपडा उचलून मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात टाकायची. किती दिवस? आता खरंच फरक नसतो, का माझ्या उजेडानं मिटला, कोण सांगणार? काहून नाही बोलली मी?

निघताना पाहिलं, दीदी त्या कपड्याले दुसरा कपडा शिवून राहिली होती. "मॅडम, अब तो उजाला अंदर नहीं जाएगा ना?"

"नहीं जाएगा, दीदी," म्हटलं मी. आन् तिले सुईत दोरा ओवता यावा म्हणून तोच टॉर्च धरून उभी राहिली.