देवीची होडी आणि पनवेलचे दिवे

॥ श्री ॥
पनवेल, चैत्र वद्य द्वितीया

चि. कमळाकर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा खरोखर घेतोस, की नुसता घेतो म्हणून लिहितोस?

एस.टी.ने पाठवलेले सामान पोचले ते असे : कापा फणस एक (एका अंगाने दबलेला), आमसुले दोन शेर आणि तुझे यंत्राच्या चित्रासकटचे पत्र. हमाली चार आणे, फणस चिरताना हाताला लावायचे खोबरेल दोन आणे. पत्र फुकट आले, पण सगळ्यांत महाग तेच पडले. कसे ते ऐक.

आपटा गावची देवी चैत्री पौर्णिमेला होडीत बसून पाताळगंगेपलीकडे बहिणीला भेटायला जाते, हे तू लहानपणापासून बघतो आहेस. यंदा पौर्णिमा आली रविवारी. रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद, म्हणून विजेला गिऱ्हाईक नाही, म्हणून तुमच्या वीजघरातली यंत्रे थंड, आणि यंत्रांतून पाणी सुटले नाही की आमची नदी घोट्याएवढी! मागे एकदा असेच झाले, तेव्हा देवीला गोट्यांतून खांद्यावर नेताना पालखीचा दांडा मोडला होता. म्हणून मी महिला मंडळात ठणकावून सांगितले की माझा भाऊ वीजघरात पाण्याची आखणी करतो, यंदा होडी चालणार. गंगाबाई म्हणाल्या, "नदी काय भावाच्या खिशात असते वाटतं?" मग मीही बोलून गेले, होडी नाही चालली तर मंडळाचे अध्यक्षपद तुमचे.

रविवारी पाणी सोड म्हणून तुला कार्ड टाकले, त्याचे तू हो-नाही काहीच लिहिले नाहीस. मात्र यंत्राच्या चित्राच्या त्या पत्रात समजावलेस की जितकी वीज खपेल तितके पाणी सुटते. मी मॅट्रिक झाले आहे, मला एवढे कळते. रविवारी पहाटे स्नान करून घरोघर फिरले : देवीचे काम आहे, दिवसभर दिवे लावून ठेवा. शुभंकरोतीशिवाय दिवा लावू न देणारी मी, माझ्या घरी भर उन्हात पाच दिवे! घरच्यांनी ओटीवर दिव्याखाली बसून वर्तमानपत्र वाचले, तेही डोळे मिटून. गिरणीवाल्या दयारामने देवीच्या नावाने पिठाची गिरणी रिकामीच फिरवली. सगळे गाव जात्यासारखे घुमत होते.

मग आम्ही बायका आपट्याला गेलो. होडी गोट्यांवर पालथी आणि तिच्यावर काशीराम कोळी विडी ओढत बसलेला. म्हणाला, "ताय, पानी नाय. देवीला होरीत बसवू, का होरी देवीच्या डोकीवर ठेवू?" गंगाबाई पदराआड हसल्या. मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. ती संपते न संपते तोच काशीराम ओरडला, "आलं, आलं!" वरून पाणी असे भरत आले की त्याची एक चप्पल वाहून गेली. देवी होडीतून दिमाखात पार झाली, आणि सगळ्यांत मोठ्याने जयजयकार केला तो गंगाबाईंनी. माझे अध्यक्षपद शाबूत आहे.

तुझी,
ताई

ता. क. तुमचे मोठे साहेब जत्रेला आले होते. त्यांनी घरच्यांना सांगितले की, तू माझे कार्ड बैठकीत वाचून दाखवलेस, तलावाचे पाणी मोजणारे आणि दोन्ही वीजघरांची माणसे एकत्र बसवलीस, आणि दुसऱ्या नदीवरच्या वीजघराला विश्रांती देऊन रविवारची वीज इकडच्या यंत्रांवर काढवलीस. पनवेलचे सगळे दिवे म्हणे त्या यंत्राला शिंकेएवढे. मला भरून आले. पण हे गंगाबाईंना कळता कामा नये.

ता. क. दुसरा. देवी परत येणार पुढल्या रविवारी. साहेबांना हे कोणीच सांगितलेले नाही. पुन्हा सगळ्यांना एकत्र बसव. दिव्यांनी काही होत नाही हे मला कळले आहे, तरी ओटीवरचा एक मी जळताच ठेवला आहे आणि तुझा होकार येईपर्यंत विझवणार नाही. तेव्हा उलट टपाली कळव.