तुतीच्या काडीचे आभार

९ फेब्रुवारी
आलो एकदाचे! हॅल्मंड कोर्ट या जुन्या हवेलीच्या बागेला खेटून असलेलं माळ्याचं जुनं घर आता आमचं. मोबदल्यात दर रविवारी मी पाहुण्यांना बाग दाखवायची. गेली पंधरा वर्षं रविवार आला की मी आणि माझा नवरा लायनल चहाचा थर्मास आणि काकडीचे सँडविच घेऊन कुठल्या ना कुठल्या जुन्या बागेत जाऊन बसायचो. आता बागच खिडकीत येऊन बसली आहे. शरद ऋतूत लायनलच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून त्याच्या छातीत सारखं दुखतं. इथे त्याला बरं वाटेल, अशी माझी खात्री आहे. वाटायलाच हवं, कारण त्याच्याशिवाय मला कुणी नाही. सामान मी उचलत होते आणि साहेब खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. म्हणाला, हेस्टर, राणी असल्यासारखी चालू नकोस, ती पेटी आधी आत घे.

१६ फेब्रुवारी
स्नोड्रॉपची पांढरी फुलं बघायला ही गर्दी! चिखलात बूट रुतताहेत, तरी सगळे खूश. चहाच्या टेबलावर मिसेस प्रॉसर, गावातल्या जुन्या बाई. जीभ तिखट, केक झकास.
मुख्य माळी टिकनर म्हातारे आहेत, मोजकं बोलतात. हिरवळीवर चारशे वर्षांची तुती आहे, टेकूंवर रेललेली. तिची छाटणी चालली होती. त्यांनी अंगठ्याएवढी जाड एक काडी माझ्या हातात दिली आणि लावा म्हणाले. मी अर्थातच आभार मानले, तेही दोनदा. आपला पाय तुडवणाऱ्याचीच माफी मागणारी आम्ही इंग्रज माणसं, आभार तोंडातून आपोआप निघतात. टिकनरांचा चेहरा पडला. आधी सांगायला हवं होतं, एवढंच पुटपुटले आणि निघून गेले.
मिसेस प्रॉसरनी मला चांगलंच झापलं. अगं बाई, दिलेल्या रोपाचे आभार मानायचे नसतात, पोरासोरांनाही ठाऊक आहे, शहरात काय शिकवतात तुम्हाला? मला गंमत वाटली. लायनल तर रात्री जेवताना मीठ दिल्याबद्दल मिठाच्या भांड्याचे आभार मानत बसला.

२ मार्च
काडी स्वयंपाकघराच्या दाराशी कुंडीत लावली. लायनल रोज तिला गुड मॉर्निंग करतो. काल काठी न घेता फाटकापर्यंत जाऊन आला. मला रडू फुटलं. तो म्हणाला, मी चाललो तर रडतेस, पडलो तर काय करशील?

५ एप्रिल
काडीला पानं फुटली. तुती फार सावध झाड, थंडी पुरती गेल्याशिवाय डोळा उघडत नाही. मोठ्या झाडावर अजून एक कोंब नाही. कुंडीतल्या काडीवर मात्र तळव्याएवढी पानं.
लायनलनं आज अंडं ताटातच ठेवलं. काल सूपही. फक्त पाणी मागतो. गवतात अनवाणी उभा राहतो. गार लागेल म्हटलं, तर म्हणाला की गारच बरं वाटतंय.

२६ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, हृदय तरण्या माणसासारखं आहे. नाडी फार मंद आहे, पण काळजी नको.
काळजी नको! दोन आठवडे पोटात अन्नाचा कण नाही आणि वजन वाढलंय. उजेड गेला की बोलता बोलता झोपतो, सूर्य उगवला की डोळे उघडतो. नखांखाली हिरवट दिसतं. घासलं, गेलं नाही.
काडी वाढून माझ्या खांद्यापर्यंत आली.

४ मे
टिकनरांना गाठलं. टाळत होते, मी वाटच अडवली. शेवटी बोलले. नुसतं दिलं आणि नुसतं घेतलं, तर झाडाला काही वाटत नाही. आभार मानले की त्याला वाटतं सौदा झाला. मग त्यानं एक फांदी दिली, तर त्यालाही तुमच्या घरातलं एक माणूस लागतं.
मी त्यांना वेडा म्हातारा म्हटलं. ते रागावले नाहीत. मोठ्या तुतीमागे एक लहान तुती आहे, तिच्याकडे बोट दाखवलं. तुमच्या आधी ज्या बाई बाग दाखवायच्या, त्यांची बहीण आहे ती, म्हणाले. आणि टोपी काढली.
मी घेतली होती काडी. मग मला का नाही? लायनल का?

११ मे
काडी कापली. मोठी कात्री घेतली आणि मधोमध—
पांढरा चीक भळाभळा वाहायला लागला. आतून धप्पकन आवाज आला. लायनल फरशीवर पडलेला. मनगटावर चीर. रक्त नव्हतं. पांढरं होतं, चिकट.
एकच चादर फाडली. अर्धी त्याला बांधली, अर्धी काडीला.

१८ मे
रोप परत नेलं. मोठ्या झाडापाशी खड्डा करून लावलं, घे तुझं तुला म्हटलं. टिकनर लांबून बघत होते, मान हलवत होते.
लायनल आज हसला. किती दिवसांनी. वाटलं, सुटलो.
पण तोंड सारखं हिरवळीकडे. खुर्ची फिरवली तरी तिकडेच.

२५ मे
अंथरूण रिकामं. अंथरुणात माती.

दुपारी दोन
सापडला. तुतीपाशी, अनवाणी, घोट्यांपर्यंत जमिनीत. रुग्णवाहिकेला फोन केला, चाळीस मिनिटं म्हणाले.
बाग उघडी आहे. माणसं फिरताहेत. कुणी काही विचारत नाही, त्याला वळसा घालून जातात. एका बाईचा धक्का लागला, तिनं त्याची माफी मागितली आणि पुढे गेली. अहो, बघा ना! मिसेस प्रॉसर केक कापताहेत, मान वर करत नाहीत.

अडीच
पोटऱ्यांपर्यंत.
तो म्हणतो छातीत दुखत नाही. शरदापासून पहिल्यांदाच. म्हणतो, ओढू नकोस, हेस्टर, इथे बरं आहे. आवाज फार हळू. दोन शब्दांमध्ये एवढा वेळ—
मी काय करू? सोडून देऊ त्याला? इथे, उभा?
गुडघ्यापासून खाली कातडी खरखरीत झाली आहे.

माझं नाव आठवत नाही त्याला. तीनदा विचारलं.
नाही सोडणार. माझा आहे तो.

उजवा पाय सुटला. फावड्यानं. हातभर मुळं निघाली, सगळीकडे चीक, वहीच्या पानावरही पडतोय. सगळे थांबलेत आता, सगळे बघताहेत, टिकनर धावत येताहेत, नको नको म्हणताहेत— लायनल, ओरडू नकोस, एकच राहिलाय, आत्ता घरी जाऊ, फक्त हा डावा—